पोकळीतली भेसळ

"भेसळ आहे," फडतरे म्हणाला आणि डब्यातली उरलेली अर्धी पोळी गुंडाळून तोंडात घातली.

"पूर्ण बघा तरी की ओ!" नौशीनने लॅपटॉप त्याच्या पुढ्यात सरकवला. "लेझरची ताकद दुप्पट केली की खूण चौपट होतीय. प्रत्येक टप्प्याला. हिशेबात जशी यायला पाहिजे, तशीच."

"म्हणूनच म्हणतो. खरं इतकं देखणं असतं का कधी? इतके मोसम झाले, एक धड रेघ मिळाली नाही आपल्याला. आणि आता एकदम पत्रिकेवर छापावा असा आलेख?"

मग दोघांनी माझ्याकडे पाहिलं. मी कोशिंबिरीतल्या काकडीच्या फोडी एका बाजूला करत होते. आलेख मला दाखवायचा नाही असा नियम होता, पण कँटीनचं टेबल एवढंसं, दिसायचं ते दिसलंच. मी मान वर केली नाही. चेहरा न बदलता जेवणं हे एकच काम त्या महिन्यांत मला नीट जमायला लागलं होतं.

"कुंदाताईंकडे बघून काही मिळायचं नाही," फडतरे हसत म्हणाला. "भेसळवाली पक्की आहे आपली."

या गोष्टीला आता बारा वर्षं झाली. पुण्याबाहेर, सातारा रस्त्यावरच्या एका माळावर आमची संस्था होती आणि तिथे आमचा गट रिकामी जागा तपासायचा. हे लोकांना समजावून सांगता सांगता मी थकले होते. सासूबाईंना सांगताना मी चमच्यापासून सुरुवात करायचे. पाण्यात चमचा वाकडा दिसतो, कारण प्रकाश पाण्यात जरा हळू चालतो. रिकाम्या जागेत त्याला अडवणारं काही नाही, तिथे चमचा सरळ, असं शाळेत शिकवतात. पण गणित असं सांगतं की सुईच्या टोकाएवढ्या जागेत लेझरचा भयंकर झोत एकवटला, तर तेवढ्या क्षणापुरती ती पोकळीही काचेसारखी वागते. तिथून दुसरा एखादा मंद किरण नेला तर त्याला किंचित पीळ बसतो. इतका किंचित, की अब्जावधी प्रकाशकणांतला एखादाच आमच्या गाळणीतून पलीकडे यायचा. तो एक मोजायला आम्ही बसलो होतो. माझं काम त्या पोलादी पिंपातली हवा काढून टाकण्याचं. पंप लावायचा, गळती शोधायची, पिंप तापवायचं, पुन्हा पंप लावायचा. सासूबाई सगळं ऐकून घ्यायच्या आणि शेजारणीला सांगायच्या, "रिकामपणाचे उद्योग, पण पगार वेळेवर येतो."

भेसळीचा नियम परुळेकर सरांनी पहिल्याच वर्षी घालून दिला होता. सर आमच्या गटाचे प्रमुख. तरुणपणी ते जिथे शिकले तिथे त्यांच्या गुरूंनी एक मोठा शोध जाहीर केला आणि वर्षाच्या आत कळलं की आरसा धरणारा स्क्रू तापून फुगत होता, बाकी काही नव्हतं. गुरूंची जी शोभा झाली ती सरांनी जवळून पाहिली. "शोध हवा असला ना, की तो दिसतोच," ते म्हणायचे. "म्हणून डोळ्यांवर विश्वास ठेवायचा नाही."

दर मोसमाला, म्हणजे मोजणीच्या प्रत्येक फेरीला, आमच्यातला एक जण भेसळवाला व्हायचा. त्याने एकट्याने खोलीत जाऊन नाणं उडवायचं. छापा आला तर त्या मोसमाच्या आकड्यांत गुपचूप एक खोटी खूण मिसळायची. काटा आला तर काहीच करायचं नाही. बाकीच्यांनी आपलं काम करायचं, सगळ्या तपासण्या संपवायच्या, निष्कर्ष लिहून काढायचा आणि मग शेवटच्या बैठकीत भेसळवाल्याने सांगायचं, होती की नव्हती. म्हणजे हाती काही लागलं तरी ते आपल्यातल्याच कुणी ठेवलेलं असेल ही शंका कायम मनात राहते आणि माणूस सावध राहतो.

ज्याला अगदीच राहवणार नाही त्याने मधेच विचारायला हरकत नव्हती. विचारणाऱ्याला खरं उत्तर मिळायचं. पण मग तो प्रयोगातून बाहेर. पेपरवर त्याचं नाव नाही. आणि बैठक होईपर्यंत गटातल्या कुणालाही त्याने भेटायचं नाही, फोनवरसुद्धा बोलायचं नाही, कारण तोंड गप्प राहिलं तरी चेहरा बोलतो. त्याने विचारलं ही गोष्टही भेसळवाल्याने बैठकीपर्यंत पोटात ठेवायची. इतक्या वर्षांत कुणी विचारलं नव्हतं.

त्या आलेखाच्या दोन मोसम आधी एकदा अशीच खूण सापडली होती. नौशीन तेव्हा नवीन होती, बार्शीहून येऊन तिला जेमतेम वर्ष झालं होतं. तिने पेढे आणले. बैठकीत सर उठले आणि शांतपणे म्हणाले, "माझी होती." नौशीन बाथरूममध्ये जाऊन रडली, फडतरे दोन दिवस आला नाही. तेव्हापासून आमच्याकडे आनंद व्हायचाच बंद झाला. काही दिसलं की पहिला शब्द 'भेसळ'.

त्या मोसमाची भेसळवाली मी होते. माझं नाणं काय पडलं होतं ते मी नवऱ्यालाही सांगितलं नव्हतं.

आणि सर आजारी होते. यकृताचा कर्करोग, दिवाळीत कळला, तेव्हाच फार पसरला होता. डॉक्टर होळीच्या पुढचं काही बोलत नव्हते.

जेवण झाल्यावर नौशीन माझ्यामागोमाग पिंपाच्या खोलीत आली. पंपांच्या घरघरीत बोललेलं बाहेर ऐकू जात नाही, म्हणून आमची सगळी रडगाणी तिथेच व्हायची.

"ताई, तुम्हाला काही विचारत नाही मी," तिने आधीच सांगून टाकलं. "नुसतं ऐका. तपासण्या जूनच्या आत संपत नाहीत. कितीही पळालं तरी नाही. आणि सर जूनपर्यंत..."

"माहीत आहे मला."

"मग? ते काय समजून जाणार? भेसळच समजणार की! काल फोनवर मला म्हणाले, फार उत्साह दाखवू नकोस, कुंदाने हात सफाईने चालवलेला दिसतोय. हसत होते वर." तिने ओढणीने नाक पुसलं. "त्यांनी तुम्हाला विचारलं तर सांगाल तुम्ही?"

"सांगावंच लागेल. त्यांचाच नियम आहे."

"आणि नाव जाईल त्यांचं."

"जाईल."

"मग विचारूच देऊ नका त्यांना!" ती एकदम म्हणाली. "या पेपरवर पहिलं नाव त्यांचं पाहिजे. माणसाने सगळी उमर घातली यात." मग अगदी पडेल आवाजात म्हणाली, "पण मग कळणार कसं त्यांना? काय करायचं ओ ताई?"

मला राग आला होता. नियमाचा, सरांचा, नौशीनचाही. खरं सांगायचं तर त्याहून जास्त कंटाळा आला होता. पंप ऐकून ऐकून डोकं बधिर झालेलं, वर हे गुपित पोटात घेऊन फिरायचं. कुणाकडे तरी ते ओतून मोकळं व्हावं असं रोज वाटायचं, आणि ज्या एका माणसाकडे ओतावं त्याच्याकडेच ओतायची चोरी.

फेब्रुवारीच्या शेवटी मी सरांना भेटायला सहकारनगरला गेले. दुपारची वेळ होती. सरांच्या बायकोने, शालनकाकूंनी, दार उघडलं. त्या इतक्या वाळल्या होत्या की आजारी कोण असा प्रश्न पडावा.

"ये गो. कालपासून वाट बघतायत तुझी. जेवले नाहीत, पण माझ्याशी भांडायला ताकद आहे."

सर खिडकीजवळच्या पलंगावर उशांना टेकून बसले होते. डोळे पिवळे, हाताची कातडी सैल. मांडीवर नौशीनने पाठवलेला आलेख, मोठ्या कागदावर छापून घेतलेला. दाराकडे हाक मारून ते म्हणाले, "शालन, हिका चाय दी गो. माका नको."

"तुमका कोण देता?" काकू म्हणाल्या आणि आत गेल्या.

"पिंपाचा दाब किती आहे?" सरांनी मला विचारलं. तब्येतीचं विचारायला संधीच दिली नाही.

मी आकडा सांगितला.

"अजून उतरेल?"

"एकदा चांगलं तापवलं तर उतरेल. झडपेपाशी थोडी गळती आहे. सापडत नाही."

"सापडेल. घाई करू नकोस." आलेखावरून त्यांनी बोट फिरवलं. "चांगली घातलीस हो भेसळ. मी घातली होती तेव्हा जरा जाड हाताने घातली होती. ही अशी घातलीस, की मला हवी होती तश्शी."

"बैठकीत सांगेन, सर."

हे आमचं ठरलेलं वाक्य. काहीही ऐकलं तरी भेसळवाल्याने हेच म्हणायचं. सर खूश झाले. "बरोबर. असंच म्हणायचं."

काकूंनी चहा आणून ठेवला आणि औषधं आणायला खाली गेल्या. दार लागल्याचा आवाज झाला. सर खिडकीबाहेर बघत होते. समोरच्या गच्चीवर कुणीतरी साबुदाण्याच्या पापड्या वाळत घालत होतं.

"कुंदा, नियम मी केला तेव्हा चाळिशीत होतो," ते म्हणाले. "तेव्हा असं वाटायचं की बैठकीला आपण असणारच."

मी कप खाली ठेवला. "सर, नका."

"काय नका? मी अजून काही विचारलंय?"

"विचारू नका. नाव जाईल तुमचं. नौशीन... सगळ्यांना तुमचं नाव पहिलं हवंय. ते पेपरवर कायम राहील, सर. तुमच्या नातवंडांना दाखवता येईल."

"नातवंडं अमेरिकेत पिझ्झा खातायत." ते हसले आणि त्यांना खोकला आला. मी पाणी दिलं. खोकला थांबल्यावर ते हळू बोलायला लागले. "पंचवीस वर्षं मी या जागेला विचारतोय, बाई, तू खरंच रिकामी आहेस का? नाव मी कशाला लावलं होतं गं यात? ती काही उत्तर देते का ते ऐकायला. आता उत्तर आलं असेल, नसेल. ते तुझ्याजवळ आहे. तू माझ्यासमोर बसून चहा पितेस, आणि मी नाव सांभाळत पडून राहू?"

"नौशीनला भेटता येणार नाही मग. कुणालाच नाही. जूनपर्यंत."

यावर त्यांनी मांडीवरचा कागद उचलला. नौशीन दर रविवारी यायची. काकूंना बाजारहाट करून द्यायची, सरांशी तासभर हुज्जत घालायची. त्यांच्या मुलापेक्षा ती जास्त वेळ त्या घरात असायची.

"ती चेहरा वाचते माझा," ते म्हणाले. "लगेच ओळखेल. खरं आहे. तिला दारातून परत पाठवावं लागेल." कागदाची घडी घालायचा प्रयत्न करत होते, जमत नव्हतं. मी हात पुढे केला तर त्यांनी कागद दिला नाही. "पाठवीन."

"सर, एक आठवडा विचार करा."

"आठवडे उधळायला आहेत माझ्याकडे?" मग ते सावरून बसले, मास्तर वर्गात येतात तसे. "नियमाप्रमाणे विचारतो. कुंदा, या मोसमात भेसळ आहे का?"

मी उभी राहिले. का ते माहीत नाही.

"नाही, सर. काटा पडला होता. मी काहीही घातलेलं नाही."

त्यांनी डोळे मिटले. मला वाटलं काही होतंय, मी जवळ गेले. त्यांनी डोळे न उघडता हातानेच मला बस म्हणून खुणावलं. डोळ्यांच्या कडेने पाणी कानापर्यंत आलं तरी त्यांनी पुसलं नाही.

"कुणी घातलेलं नाही," ते म्हणाले.

"नाही."

"हवा असेल. पिंपात उरलेली हवाही थोडीफार अशीच वागते. तुझी ती गळती."

"असू शकेल. तपासायचं आहे अजून."

"तपासा. नीट तपासा. हवा निघाली तरी हरकत नाही. पण माणसाने ठेवलेलं नव्हतं, एवढं मला कळलं. तिथे काहीतरी होतं आणि ते आपल्याला दिसलं." त्यांचा आवाज इतका हलका झाला होता की मला पुढे वाकावं लागलं. "किती दमलो होतो गं मी, कुंदा."

पुढे खरोखरच त्या खुणेतला निम्म्याहून जास्त भाग उरलेल्या हवेचा निघाला. बाकीच्या भागावर जाणकारांत अजून वाद चालू आहे. मी स्वतः त्याला शोध म्हणत नाही, खूण म्हणते. पण त्या दुपारी मला एवढं समजलं की सरांनी नाव सोडलं ते शोधासाठी सोडलं नव्हतंच.

काकू परत आल्या तेव्हा त्यांनी सांगितलं, "शालन, आज मी रिटायर झालंय गो."

"आज? तीन वर्सां झाली तुमका रिटायर होवन."

"ता कागदावर," सर म्हणाले.

निघताना त्यांनी मला पुन्हा येऊ नकोस म्हणून सांगितलं. मला उत्तर माहीत होतंच, मी गेले असते तर चाललं असतं. पण माझ्या येण्याजाण्यावरून बाकीचे काहीतरी ताडतील, असं त्यांचं म्हणणं. मी पाया पडले. इतर वेळी ते पाया पडू द्यायचे नाहीत.

पुढच्या रविवारी नौशीन त्यांच्याकडे गेली. सोमवारी ती पिंपाच्या खोलीत येऊन माझ्याशेजारी खाली फरशीवरच बसली.

"काकूंनी दारातूनच परत पाठवलं मला. म्हणे, झोपलेत. मी म्हटलं, बसते, उठले की भेटते. तर म्हणाल्या, नको बाळा, तू येत जाऊ नकोस आता." तिने माझ्याकडे पाहिलं. "आतून सरांचा आवाज येत होता ओ ताई. जागे होते ते."

"आजारपणात माणसाला कधी कधी कुणी नको वाटतं."

"मी नको वाटते? मी काय केलंय? त्या आलेखाचं मी फार नाचवलं म्हणून रागावले असतील का?"

"नाही गं. तसं काही नसेल."

"तुम्हाला काय माहीत!" ती फटकन बोलली आणि उठून गेली. मी झडप उघडून पुन्हा गळती शोधायला लागले. दुसरं करण्यासारखं काही नव्हतं.

ती आणखी दोनदा गेली. एकदा खीर घेऊन गेली, डबा काकूंनी घेतला, तिला आत घेतलं नाही. फोन सर उचलत नव्हते. मग तिने जाणं सोडलं आणि त्यांचं नाव काढणंही सोडलं. नुसतं काम करत राहिली, दात आवळून, कुणाशी भांडल्यासारखी. सर गुढीपाडव्यानंतर गेले. वैकुंठ स्मशानभूमीत नौशीन मागे, भिंतीपाशी उभी होती. काकूंनी तिला जवळ घेतलं तेव्हा ती लाकडासारखी ताठ होती. रडली नाही.

बैठक जूनमध्येच झाली. खोलीत आम्ही तिघं, आणि नियमाप्रमाणे संस्थेतले दोन बाहेरचे लोक. नौशीनने सगळं क्रमाने मांडलं. एकही शंका तिने झाकली नाही, हवेची तर मुळीच नाही. शेवटी पडद्यावर पेपरचं पहिलं पान आलं. वर शीर्षक, खाली नावं. पहिलं नाव, मु. वि. परुळेकर. त्यापुढे तो बारीकसा क्रूस, लेखक हयात नसल्याची खूण.

"निष्कर्ष बदलायचा नाही असं सगळ्यांना मान्य?" बाहेरच्यांपैकी एकाने विचारलं. सगळ्यांनी मान्य म्हटलं. मग ते माझ्याकडे वळले.

"भेसळ नाही," मी म्हणाले. "काटा पडला होता."

टाळ्या नाहीत, काही नाही. फडतरेने दोन्ही हात तोंडावर ठेवले. नौशीन पडद्याकडे बघत नुसती उभी राहिली. तिला आनंद कसा करायचा ते आठवत नसावं, आम्हा कुणालाच आठवत नव्हतं. "सर असायला पाहिजे होते," फडतरे म्हणाला. "भेसळच समजून गेले बिचारे."

"एक दुरुस्ती आहे," मी म्हणाले. "पहिलं नाव काढायचं आहे."

नौशीन गर्रकन वळली. "का म्हणून? गेले म्हणून? मी काढू देणार नाही. माझं काढा पाहिजे तर!"

"नौशीन, त्यांनी विचारलं होतं."

तिला आधी समजलंच नाही. फडतरेला समजलं, तो खुर्चीत मागे टेकला.

"कधी?" तिने विचारलं.

"फेब्रुवारीच्या शेवटी. तू त्या रविवारी गेलीस ना, त्याच्या आधी तीन दिवस."

ती टेबलाची कड धरून हळूच खाली बसली. चार महिन्यांत जो चेहरा दगड झाला होता तो माझ्या डोळ्यांदेखत सुटत गेला.

"म्हणून आत घेतलं नाही मला," ती म्हणाली. "माझ्यावर रागावले नव्हते."

"तू चेहरा वाचशील म्हणाले."

"वाचला असता की! दारातूनच वाचला असता." ती रडत होती आणि मधेच हसत होती, ओढणी तोंडावर घेत होती. "म्हणजे त्यांना माहीत होतं. ताई, त्यांना माहीत होतं की ओ!"

तिने लॅपटॉप स्वतःकडे ओढला. बाहेरच्यांपैकी एक जण म्हणाला की हे नंतर सावकाश केलं तरी चालेल. तिने ऐकलं नाही. डोळे पुसले, नावाच्या शेवटी जाऊन एकेक अक्षर मागे घेत सरांचं नाव तिने स्वतःच्या हाताने पुसलं, आणि खालचं तिचं स्वतःचं नाव वर सरकून पहिलं झालं.